मस्कतहून वाळवंटात: एक दिवस की एक रात्र?

प्रश्न: माझा मुलगा मस्कतला नोकरी करतो. येत्या डिसेंबरमध्ये मी (वय ६४) आणि माझे यजमान (वय ७०) तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. सुनेने तेथील वाळवंटाच्या दोन सहली पाहून ठेवल्या आहेत. एकीत सकाळी सहाला निघून समुद्रकाठाने सूर या बंदराच्या गावापर्यंत, तेथून वाहिबा वाळवंट आणि रात्री परत, असे सगळे एका दिवसात आहे. दुसरीत वाळवंटातील कॅम्पमध्ये एक रात्र मुक्काम आहे. मुलाला रजा मिळणार नाही, म्हणून गाइडबरोबर आम्ही दोघांनीच जावे असे घरात चालले आहे. यजमानांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली असून त्यांचे गुडघे दुखतात, आणि माझी हाडे ठिसूळ होऊ लागल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. यजमान म्हणतात की वाळूत पाहण्यासारखे काय असते, उगाच मुलाला खर्चात कशाला पाडायचे. मला मात्र लहानपणापासून वाळवंट पाहण्याची इच्छा आहे. आम्ही जावे का, आणि जायचे तर कोणत्या सहलीने?
(एक वाचक, सांगली)

उत्तर:

सप्रेम नमस्कार, ताई.

तुम्ही जरूर जा, आणि जायचे ते मुक्कामाच्या सहलीनेच जा. यजमानांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी प्रवासाला हरकत नसल्याचे सांगितले पाहिजे आणि वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उधळवण्याचा जो प्रकार अशा सहलींत असतो तो तुम्ही दोघांनी पूर्णपणे टाळला पाहिजे, एवढ्या दोन अटी मी घालतो. त्या पाळल्या तर तुमच्या वयात आणि प्रकृतीत ही सहल न झेपण्यासारखी नाही. एका दिवसाची सहल मात्र दिसायला सोपी आणि स्वस्त असली तरी तुमच्यासाठी तीच अधिक दमवणारी आहे.

ती कशी, ते पाहा. मस्कतहून किनाऱ्याच्या रस्त्याने सूर हे दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. वाटेत बिम्मा येथील निळ्या पाण्याचा खोल खड्डा दाखवतात, त्यात उतरायला पायऱ्या आहेत. पुष्कळ कार्यक्रमांत वादी शाबही असते (वादी म्हणजे डोंगरातील, बहुधा कोरडा असणारा नाला), जेथे होडीने पलीकडे जाऊन खडकाळ वाटेने पाऊण तास चालावे लागते. सूरहून आत वळून बिदिया गावाजवळ वाळवंटाच्या तोंडाशी यायचे आणि तेथून आतल्या महामार्गाने सव्वादोनशे किलोमीटर परत मस्कतला जायचे, असा साडेपाचशे किलोमीटरांहून मोठा फेरा होतो. डिसेंबरमध्ये तेथे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसभर गाडीत बसून तुम्ही चारच्या सुमारास वाळूत पोहोचाल, गाडी दोन-चार टेकड्या चढेल, सूर्यास्ताचा फोटो निघेल आणि अंधार पडताच परतीचे तीन तास सुरू होतील. चौदा तासांच्या त्या दिवसात वाळवंट दीड तासाचे असेल. त्यातच दुखऱ्या गुडघ्यांना पायऱ्या आणि खडक सोसावे लागतील. ज्यांना सूर आणि समुद्रकाठ पाहायचा आहे त्यांनी तो वेगळ्या दिवशी सावकाश पाहावा. वाळवंटाला त्याच्या शेपटाशी बांधू नये.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मनापासून विचारलेला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्यांना मिळाले तर ते केवळ तुमच्या हौसेखातर न येता स्वतःच्या इच्छेने येतील.

हे वाळवंट सुमारे १२,५०० चौरस किलोमीटरांचे, म्हणजे तुमच्या सांगली जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट आहे. वाहिबा हे तेथील एका बदू, म्हणजे वाळवंटात राहणाऱ्या भटक्या अरब, जमातीवरून पडलेले नाव असून सरकारी नकाशांवर त्याला शर्किया म्हणतात, त्यामुळे दोन माहितीपत्रकांत दोन नावे दिसली तरी जागा एकच आहे. उत्तरेकडे, जेथे तुम्ही जाल, वाळूच्या टेकड्या शंभर मीटरपर्यंत उंच आहेत आणि त्यांच्या रांगा उत्तर-दक्षिण अशा लांबच लांब एकमेकींना समांतर गेल्या आहेत. या रांगा ज्या वाऱ्याने रचल्या, तो वारा आपल्या ओळखीचा आहे. जूनमध्ये अरबी समुद्रावरून कोकणात पाऊस घेऊन येणारा जो नैर्ऋत्य मोसमी वारा, त्याचाच प्रवाह ओमानच्या या किनाऱ्याला घासून जातो, आणि पूर्वीच्या काळी तो आजच्याहून जोरकस होता तेव्हा त्याने ही वाळू हजारो वर्षे उत्तरेकडे लोटत नेली. एकाच वाऱ्याने आपल्याकडे भातशेती पिकवली आणि समुद्रापलीकडे वाळूचे डोंगर रचले, ही गोष्ट त्या जागी उभे राहून आठवून पाहावी अशी आहे. दक्षिणेला हे वाळवंट थेट समुद्राला जाऊन भिडते. तेथील वाळू फिकट असते, कारण तिच्यात समुद्रातील शिंपल्यांचा चुरा पुष्कळ आहे. बिदियाकडे येईपर्यंत ती तांबूस-केशरी झालेली दिसते.

शिवाय ही जागा निर्जीव नाही. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने १९८५ ते १९८७ या काळात ओमान सरकारच्या सहकार्याने येथे मोठी पाहणी केली, तेव्हा सुमारे दीडशे जातींच्या वनस्पती नोंदल्या गेल्या आणि कीटकांचे व इतर लहान जीवांचे हजारो नमुने मिळाले. पाऊस इतका थोडा असूनही हे सारे जगते, त्याचे एक मोठे कारण म्हणजे समुद्रावरून रात्री आत येणारे धुके आणि त्याचे पहाटे पडणारे दव. वाळवंटाच्या कडेला जी हिरवी, काटेरी, थोडी झुकलेली झाडे दिसतील, त्यांना तेथे घाफ म्हणतात. ही आपली शमी आहे, दसऱ्याला जिची पूजा होते तीच. तिची मुळे फार खोल पाण्यापर्यंत जातात, तिच्या सावलीत बदू लोक उंट-शेळ्या बांधतात आणि तिचा पाला जनावरांना घालतात. यजमानांना झाडापेडांची आवड असेल तर गाइडला एखाद्या जुन्या घाफजवळ गाडी थांबवायला सांगा.

आणि हे सगळे पाहायचे असेल तर रात्र तेथे काढावीच लागते. दुपारच्या उन्हात वाळू सपाट आणि पांढुरकी दिसते, डोळे दिपतात आणि माणूस तासाभरात कंटाळतो. यजमान ज्या वाळवंटाबद्दल बोलत आहेत ते हे असावे. ऊन कलते झाल्यावर मात्र प्रत्येक टेकडीची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते आणि तिची कड सुरीसारखी रेखीव होते. सकाळी पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो. त्याआधी अर्धा तास तंबूबाहेर या, तर दवाने किंचित घट्ट झालेल्या वाळूवर रात्री फिरून गेलेल्या भुंग्यांच्या, पालींच्या, क्वचित कोल्ह्याच्या पावलांच्या ओळी कोणी मोडलेल्या नसतात. वाळू घट्ट असल्यामुळे त्या वेळी चालणेही संध्याकाळपेक्षा सोपे जाते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने वाळूत चालायचेच असेल तर याच वेळी, टेकडी न चढता, तिच्या पायथ्याच्या सपाटीवरून चालावे. माझ्या मते या सहलीचे मोल दुपारी चार ते सकाळी आठ या वेळात आहे. बाकीचे तास रस्त्याचे आहेत.

तारीख ठरवताना दिनदर्शिकेत तिथी पाहा. पौर्णिमेला वाळू सुंदर दिसते पण तारे दिसत नाहीत, अमावास्येला आकाश तुडुंब भरलेले असते पण तंबूपासून जेवणाच्या जागेपर्यंतही पायाखालचे दिसत नाही. तुमच्यासाठी शुद्ध पक्षातली सप्तमी-अष्टमी मला सर्वांत योग्य वाटते. संध्याकाळी हिंडण्याफिरण्यापुरते चांदणे मिळते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र मावळला की पुढे पहाटेपर्यंत आकाश काळेभोर असते. तरीही बॅटरी जवळ ठेवाच.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. वाळूच्या टेकड्यांवर वेगाने चढून त्यांच्या कडेवरून गाडी तिरकी खाली सोडणे, हा अशा सहलींचा ठरलेला खेळ आहे आणि तरुण मंडळींना तो फार आवडतो. ठिसूळ हाडांच्या माणसाला त्यातला एक जोराचा आदळही पाठीच्या मणक्याला चेप बसायला पुरेसा ठरू शकतो. असा मणका चेपल्याचे दुखणे पुढे महिनोन्‌महिने भोगावे लागते. नुकत्याच सावरलेल्या हृदयालाही हा ताण देण्याचे काही कारण नाही. ही गोष्ट गाइडच्या कानावर तोंडी घालून भागणार नाही, कारण पुष्कळ ड्रायव्हर पाहुण्यांना खूश करण्याच्या चांगल्या हेतूनेच ‘थोडेसेच’ म्हणून टेकडीवर गाडी घालतात. नोंदणी करतानाच लेखी कळवा की प्रवासी ज्येष्ठ आहेत, एकाला हृदयविकार आणि एकाला ठिसूळ हाडांचा त्रास आहे, आणि गाडी कॅम्पपर्यंत फक्त नेहमीच्या वाटेने हळू न्यायची आहे. तुम्ही स्वतः पुढच्या किंवा मधल्या आसनावर बसा. सर्वांत मागची आसने मागच्या चाकांच्या वर येतात आणि तेथे दणके जास्त बसतात. पट्टा सगळ्यांनी, वाळूतसुद्धा, लावायचा.

बिदियाला गाडी थांबवून टायरमधली हवा कमी करतात, ते पाहून घाबरू नका. हवा कमी केली की टायर पसरतो, त्याचा वाळूला टेकणारा भाग वाढतो आणि गाडी रुतत नाही. परत येताना डांबरी रस्ता लागण्यापूर्वी ती पुन्हा भरतात. हवा कमी न करता वाळूत शिरणारा ड्रायव्हर मात्र अननुभवी समजावा.

उंटावर बसण्याचा मोह होईल. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे वर बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो, आणि बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो तेव्हा पुन्हा तेच होते. तुमच्या पाठीसाठी हे टाळलेलेच बरे. बिदिया भागात उंटांच्या शर्यती होतात, त्यामुळे सकाळी सराव करणारे उंट रस्त्याकडेला दिसण्याची शक्यता असते. ते पाहण्यात अधिक आनंद आहे असे मला वाटते.

यजमानांच्या प्रकृतीच्या दृष्टीने कॅम्पची निवड कॅम्पच्या देखणेपणावरून करू नका. काही कॅम्प वाळवंटाच्या कडेपासून थोड्या अंतरावर आहेत, तर काही तीस-चाळीस किलोमीटर आत. आतले अधिक निवांत असतात हे खरे, पण छातीत दुखू लागले तर तेवढी वाळू रात्री ओलांडावी लागेल. म्हणून कडेजवळचा कॅम्प घ्या. तेथून डांबरी रस्ता लवकर गाठता येतो आणि त्या रस्त्यावर इब्रा येथे मोठे सरकारी रुग्णालय आहे. कॅम्पमध्ये मोबाइलला रेंज येते का, रात्रभर तेथे गाडी आणि ती चालवणारा माणूस हजर असतो का, हे दोन प्रश्न सुनेने फोन करून विचारावेत. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले तर तो कॅम्प सोडून द्यावा. ओमानमध्ये पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक ९९९९ आहे. यजमानांच्या सर्व गोळ्या, जिभेखाली ठेवायची गोळी धरून, मोठ्या बॅगेत न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत असाव्यात, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्यावी. वेदनाशामक म्हणून ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेले औषध तुमच्यापैकी कोणी घेत असेल तर ते आखाती देशांत नियंत्रित औषधांत मोडते, म्हणून चिठ्ठीशिवाय नेऊच नका. शक्य असल्यास डॉक्टरांकडून पर्यायी औषध मागून घ्या. प्रवास विमा काढताना अँजिओप्लास्टी झाल्याचे लपवू नका. ते लपवले तर गरजेच्या वेळी विमा कंपनी दावा नाकारू शकते.

खर्चाबद्दल यजमानांना जे वाटते ते योग्यच आहे. एक ओमानी रियाल दोनशे रुपयांहून अधिक पडतो आणि अशा सहलीचा मोठा खर्च गाडी व ड्रायव्हर यांचा असतो, माणशी नव्हे. दोघांसाठी वेगळी गाडी घेतली तर तो सगळा भार दोघांवर येतो. येथे मला एक वेगळा मार्ग सुचतो. ओमानमध्ये साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असते. मुलाला रजा नसली तरी या दोन्ही दिवशी त्याचे कार्यालय बंद असेल, तर मुक्कामाची सहल नेमकी त्या दोन दिवसांत बसते, आणि त्याच एका गाडीत मुलगा व सूनही येऊ शकतात. खर्च चौघांत वाटला जातो, यजमानांची तब्येत जाणणारा माणूस बरोबर राहतो आणि मुलगा तुमच्याबरोबर दोन दिवस काढतो. सुटीच्या दिवशी गर्दी असते, तरुण मुले गाड्या घेऊन वाळूत येतात आणि थोडा गोंगाट होतो, हे मान्य करावे लागेल. कॅम्प नोंदवतानाच कडेचा, जेवणाच्या जागेपासून दूरचा तंबू मागितला तर रात्र शांत जाते. मुलाला शनिवारी काम असेल तर दोघांनी परवानाधारक गाइडबरोबर जाण्यातही गैर काही नाही. ओमान हा पाहुण्यांशी अदबीने वागणारा देश आहे आणि तेथील गाइडना भारतीय माणसे नवीन नाहीत. अनेकांना कामापुरते हिंदी समजते. गाइडचे नाव, गाडीचा क्रमांक आणि कॅम्पचा फोन मुलाकडे राहील एवढे पाहा.

बहुतेक सहलींत जाताना किंवा येताना वादी बनी खालिद हे ठिकाण असते. डोंगरातील झऱ्याचे हिरवे डोह, खजुरीची बाग आणि पाण्याच्या कडेने बांधलेली सपाट वाट असल्यामुळे तुम्हाला ते झेपेल. पुढच्या गुहेपर्यंत मात्र खडकांवरून जावे लागते, तेथे जाऊ नका. फक्त एका बाबतीत कोणाचीही भीड धरू नये. डोंगरात पाऊस झाला की या कोरड्या दिसणाऱ्या नाल्यांना काही मिनिटांत लोंढा येतो, खाली आकाश निरभ्र असले तरीही येतो. एप्रिल २०२४ मध्ये याच शर्किया भागात अशा लोंढ्यात शाळकरी मुलांचा जीव गेला. डिसेंबरमध्येही तेथे अधूनमधून पाऊस होतो. इशारा जाहीर झाला असेल तर सहल पुढे ढकला, आणि वाहत्या पाण्यातून गाडी घालू द्यायची नाही, हे गाइडला स्पष्ट शब्दांत सांगा.

राहण्याजेवण्याची काळजी करू नका. कॅम्पमध्ये पलंग, अंथरूण-पांघरूण असते, पण स्वच्छतागृह तंबूला जोडलेले आहे की चालत जावे लागते हे विचारून जोडलेलेच घ्या. शाकाहारी असाल तर आधी कळवा. भात, डाळ, हुम्मुस (वाटलेल्या काबुली चण्यांचा प्रकार), कोशिंबिरी आणि रोट्या बहुधा मिळतात आणि पुष्कळ कॅम्पांत स्वयंपाकी भारतीयच असतात. डिसेंबरच्या रात्री तेथे पारा १२ ते १५ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे हवेत. पायात बंद बूट घाला आणि सकाळी घालण्यापूर्वी ते झटका, कारण वाळूत विंचू असतात.

एखाद्या बदू कुटुंबाच्या घरी कॉफी-खजुरासाठी नेण्याची पद्धत आहे. वेलदोडा घातलेली बिनसाखरेची कॉफी लहान पेल्यात देतात. पेला उजव्या हाताने घ्यायचा आणि पुरे झाली की तो हलकेच हलवून परत करायचा, नाहीतर ते पुन्हा भरत राहतात. तेथील बायका चेहऱ्यावर विशिष्ट आकाराचा मुखवट्यासारखा बुरखा घालतात. त्यांचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नका. तुम्ही बाई म्हणून त्यांच्यात बसू शकाल, हात हातात घेऊ शकाल, भाषा नसली तरी नातवंडांची चौकशी खुणांनी होते. ही संधी बरोबरच्या पुरुषांना सहसा मिळत नाही. त्या स्वतः विणलेल्या वस्तू समोर मांडतात, त्यातली एखादी लहानशी घ्यावी.

परतीच्या दिवशी सूर व किनाऱ्यावरून यायचे की आल्या रस्त्याने सरळ मस्कत गाठायचे, हे आधी ठरवू नका. गाइडला दोन्ही पर्याय मोकळे ठेवायला सांगा आणि यजमान सकाळी कसे उठतात ते पाहून न्याहारीच्या वेळी ठरवा. त्यांना ताजेतवाने वाटले तर सूरची गलबते बांधण्याची जागा पाहण्यासारखी आहे, पण त्यासाठी पाच-सहा तास हाताशी पाहिजेत. आणि ही सहल तुमच्या मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या. पहिल्या आठवड्यात तेथील हवा अंगवळणी पडते. शेवटच्या दोन दिवसांत ठेवली, तर पावसामुळे ती पुढे ढकलण्याची वेळ आल्यावर तारीखच शिल्लक राहणार नाही.